शेवटच्या बादलीचा प्रश्न

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर विद्वान वक्त्यांनी शिक्षण, आरोग्य, बचत अशा गंभीर विषयांवर आपले विचार मांडले आहेत. त्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची योग्यता नाही. कार्यवाहांनी आग्रह केला तेव्हा आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले की, आम्हांस बोलता येईल ते फक्त न्हाणीघराविषयी. त्यांस वाटले, आम्ही विनोद करीत आहोत. परंतु गतवर्षीच्या दिवाळीत आमच्या घरी जे घडले, त्यातून आम्ही जे शिकलो, ते आपणां सर्वांच्या घरी उपयोगी पडेल अशी आमची खात्री आहे. प्रश्न साधा आहे. घरातील गीझरचे ऊन पाणी मध्येच का संपते आणि ते संपले असता काय करावे, हा तो प्रश्न होय.

आमच्या न्हाणीघरात १५ लिटरांचा विजेवर चालणारा गीझर आहे. गतवर्षी श्रावणात आम्ही तेथील जुन्या फरश्या काढून नव्या बसविल्या. त्या कामासाठी गीझर उतरविला आणि काम झाल्यावर पुन्हा चढविला. पावसाळ्यात आणि आश्विनातील उकाड्यात ऊन पाणी फारसे लागत नाही. त्यामुळे कोणाचीच काही तक्रार नव्हती. आमची तर मुळीच नव्हती, कारण आम्ही पहाटे प्रथम स्नान करणारे!

पुढे नरकचतुर्दशी आली. लेक, जावई, नातवंडे मिळून घरात अकरा माणसे. पहाटे चार वाजल्यापासून तेल-उटण्याची गडबड. पहिली बादली अर्धी भरेतो पाणी कढत आले, आणि मग कोमट, आणि पुढे तर गारच! जावईबापूंना चुलीवर, म्हणजे आजच्या भाषेत गॅसच्या शेगडीवर, पातेले तापवून द्यावे लागले. नातवंडांनी थंडीने दात वाजवीत फटाके उडविले. त्या गडबडीत आमच्या सौभाग्यवतींचे स्नान कोणत्या पाण्याने झाले, हे विचारण्याचे भान कोणासही राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहज विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यात नवीन ते काय? घट बसल्यापासून मी गार पाण्यानेच न्हाते आहे. मला वाटले, वीज वाचावी म्हणून तुम्हीच कळ कमी केली असेल.”

भगिनींनो, ही गोष्ट आम्ही येथे मुद्दाम सांगत आहोत. ज्या घरात यजमान प्रथम न्हातो, त्या घरातील गीझर बिघडल्याची वार्ता यजमानास सर्वांच्या शेवटी कळते. जी व्यक्ती सर्वांआधी उठते आणि सर्वांमागून न्हाते, तिला ती सर्वांआधी कळते. पण ती बोलत नाही, आणि तिला कोणी विचारीतही नाही.

असो. आता दुरुस्तीचे पर्व ऐका. प्रथम आम्ही स्वतः थर्मोस्टॅटची कळ पूर्ण फिरविली. पाणी आरंभी अधिक कढत आले, परंतु संपावयाचे तितक्याच लवकर संपले. मग एका कारागिरास बोलाविले. त्याने आतील कॉईल, म्हणजे पाणी तापविणारी दांडी, बदलली आणि दाम घेतले. फरक शून्य! दुसऱ्याने थर्मोस्टॅट बदलला. फरक शून्य! तिसरा आला तो मोठा आत्मविश्वासाचा. तो म्हणाला, “साहेब, ह्याचा थर्मोस्टॅट काढून डायरेक्ट करून देतो. मग बघा कसे उकळते ते!” आम्ही जवळजवळ होकार दिला होता. हा होकार किती महागात पडला असता, ते आम्ही पुढे सांगणार आहोत.

तेवढ्यात आमच्या मातोश्री दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे वय आज ८६ आहे आणि अर्धे आयुष्य त्यांनी तांब्याच्या बंबापुढे बसून, ढलप्या आणि गोवऱ्या घालून, घरादाराचे पाणी तापविण्यात घालविले आहे. त्यांनी विचारले, “अरे, आपल्या बंबात गार पाणी ओतायचो वरून, पण जायचे ते तळाला. म्हणून तर तोटीतून कढत पाणी यायचे. तुझ्या ह्या पेटीत गार पाणी शिरते कोठून?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. कारागिराजवळही नव्हते. परंतु सर्व दुखण्याचे मर्म त्या एका प्रश्नात होते.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना बंब आठवत असेल. आमच्या गावाकडील बंबाच्या मधोमध विस्तवाचे नळकांडे होते आणि भोवती पाणी. वर पसरट तोंडाची एक नळी होती, ती आतून थेट तळापर्यंत गेलेली. तिच्यात एक कळशी गार पाणी ओतले की वरच्या अंगाच्या तोटीतून एक कळशी ऊन पाणी बाहेर पडे. ऊन पाणी हलके म्हणून ते माथ्याशी राहते, गार पाणी जड म्हणून ते तळाशी बसते. दोहोंची गाठ न पडू देता खालच्या गार पाण्याने वरच्या ऊन पाण्यास हळूहळू वर ढकलावयाचे, ही त्यातील युक्ती.

भिंतीवरचा उभा गीझर म्हणजे विजेचा बंबच होय. त्याच्या बुडाशी दोन नळ्या असतात. एका नळीतून गार पाणी तळाशी शिरते. दुसरी नळी बाहेरून आखूड दिसते, परंतु आत ती टाकीच्या माथ्यापर्यंत उंच गेलेली असते आणि तेथील ऊन पाणी खाली आणून देते. टाकी नेहमी भरलेली राहावी आणि कॉईल कधी उघडी पडू नये, हाही त्या उंच नळीचा एक हेतू आहे. ओळखण्यासाठी गार पाण्याच्या नळीस निळे कडे आणि ऊन पाण्याच्या नळीस तांबडे कडे लावलेले असते.

आम्ही स्टुलावर चढून पाहिले. टाकीकडून येणारा गार पाण्याचा नळ तांबड्या कड्यास जोडलेला होता आणि न्हाणीघरातील तोटीकडे जाणारा नळ निळ्या कड्यास! फरश्यांच्या कामानंतर ज्याने गीझर चढविला, त्याने नळ्यांची अदलाबदल केली होती. परिणामी गार पाणी उंच नळीतून थेट माथ्यावर पडत होते, वरच्या ऊन पाण्यात मिसळत तळाशी येत होते, आणि तळाचे तेच मिश्रण आम्हांस स्नानासाठी मिळत होते. कॉईल निर्दोष होती, थर्मोस्टॅटही निर्दोष होता. वीज बंद करून, पाणी सोडून, दोन नळ्या जागच्या जागी लावण्यास अर्धा तास लागला आणि खर्च आला दोन वायसरांचा.

एवढ्यावर आमचे व्याख्यान संपले असते. परंतु घरोघरचा दोष हाच असेल असे नाही. म्हणून दोष शोधण्याचा जो क्रम आम्हांस अनुभवाने आणि जाणकारांच्या साहाय्याने सापडला, तो आपणांपुढे ठेवतो. त्यापूर्वी थोडे अंकगणित केले पाहिजे, कारण पुष्कळ वेळा यंत्र बिघडलेले नसतेच, आपला हिशेबच चुकलेला असतो.

१५ लिटर पाणी २० अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते. दोन किलोवॅटची कॉईल हे काम सुमारे २१ मिनिटांत करते. अंगाला सोसेल असे पाणी साधारण ४० अंशांचे. तेव्हा ६० अंशांच्या १५ लिटरांत २० अंशांच्या पाण्याचे विसण घातले की स्नानाचे पाणी होते ३० लिटर. बादली १८ लिटरांची धरली, तर पावणेदोन बादल्याही भरत नाहीत! पहिल्या माणसाची बादली भरली की दुसऱ्यासाठी उरते ती पाऊण बादलीहून कमी. आणि डोक्यावरच्या फवाऱ्याखाली उभे राहिले, तर तो मिनिटास आठ-दहा लिटर पाणी ओततो. म्हणजे तीन-चार मिनिटांत सर्व संपले. यात यंत्राचा दोष काय?

ऋतूचाही हिशेब धरावा लागतो. उन्हाळ्यात नळाचे पाणी २५ अंशांचे असेल तर त्याच गीझरमधून स्नानाचे ३५ लिटर पाणी मिळते. पुण्या-नाशकाकडे कडाक्याच्या थंडीत तेच पाणी १५ अंशांवर आले तर मिळते केवळ २७ लिटर, आणि तापावयास वेळही अधिक लागतो. थर्मोस्टॅट ४५ अंशांवर ठेवला असेल, तर २० अंशांच्या नळाच्या पाण्यावर सारे मिळून १९ लिटरही होत नाही.

आता कुटुंबाचा हिशेब पाहा. सहा माणसे, प्रत्येकी एक बादली, एकूण १०८ लिटर. पाणी २० अंशांपासून ४० अंशांपर्यंत न्यावयाचे म्हणजे अडीच युनिटे वीज आणि दोन किलोवॅटच्या कॉईलचे सव्वा तासाचे काम. टाकी १५ लिटरांची असो वा २५ लिटरांची, हा सव्वा तास टळत नाही. मोठ्या टाकीत आधी तापवून ठेवलेला साठा अधिक, एवढाच काय तो भेद. शिलकीतील साठा संपल्यावर प्रत्येक बादलीस साडेबारा मिनिटे द्यावीच लागतात. आमच्या दिवाळीच्या अकरा माणसांस सुमारे २ तास १८ मिनिटे लागली असती. नळ्या बरोबर असत्या तरी पहाटे चारला कळ दाबून पाचपर्यंत सर्वांची स्नाने उरकण्याचा आमचा बेत मुळातच अशक्य होता, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो.

आता दोष शोधण्याचा क्रम.

पहिली गोष्ट, मोजमाप. गीझर पूर्ण तापू द्यावा, दिवा विझू द्यावा. मग वीज बंद करून केवळ ऊन पाण्याची तोटी उघडावी आणि पाणी बादलीत बेताने भरावे. कढत पाणी किती लिटर आले, ते पाहावे. १५ लिटरांच्या टाकीतून बारा-तेरा लिटर चांगले कढत पाणी आले, तर यंत्र निरोगी आहे आणि प्रश्न हिशेबाचा आहे. आरंभी कढत येऊन चार-सहा लिटरांतच कोमट झाले, तर टाकीत किंवा नळात कोठेतरी गार पाणी मिसळत आहे. आरंभापासूनच कोमट आले, तर पाणी पुरते तापत नाही किंवा तोटीपर्यंत येताना त्यात गार पाणी शिरत आहे. मुळीच तापले नाही, तर विजेचा पुरवठा, रक्षक कळ किंवा कॉईल यांपैकी एकात खंड पडला आहे. कारागिरास बोलाविण्यापूर्वी एवढे जरी आपण सांगू शकलो, तरी निष्कारण बदललेल्या भागांचा निम्मा खर्च वाचतो.

दुसरी गोष्ट, वेळ. कळ दाबल्यापासून दिवा विझेपर्यंत किती मिनिटे लागतात, ते घड्याळ लावून पाहावे. वर सांगितलेल्या गीझरास २१ मिनिटांच्या आसपास लागावीत. पाच-सात मिनिटांतच दिवा विझला आणि पाणी कोमटच राहिले, तर थर्मोस्टॅट आधीच हात आखडता घेत आहे असे समजावे. उलट, वेळ फारच लागत असेल तर विजेचा दाब तपासावा. दाब २३० व्होल्टवरून १८० वर उतरला, तर दोन किलोवॅटची कॉईल सव्वा किलोवॅटच्या आतबाहेरच काम करते, आणि २१ मिनिटांची ३४ होतात. आपल्या गावोगावच्या ज्ञातिबांधवांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. थंडीच्या पहाटे शेतीचे पंप आणि घरोघरचे गीझर एकदम सुरू झाले, की हा अनुभव येतो.

तिसरी गोष्ट, नळ्या. गीझरच्या बुडाशी निळ्या कड्यास गार पाण्याचा आणि तांबड्या कड्यास ऊन पाण्याचा नळ आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे. कडी गळून पडली असतील तर वीज बंद करून, तोटी उघडून, दोन्ही नळांस बाहेरून हात लावावा. जो गार लागतो तो पाणी आत नेणारा. तो गीझरच्या कोणत्या तोंडास जोडला आहे, हे मग माहितीपत्रकातील आकृतीवरून ताडून पाहावे. घरातील रंगकाम, फरशीकाम किंवा घरबदल यांनंतर दोष उद्भवला असेल, तर शोधास येथूनच आरंभ करावा. आमचे दोन भाग विनाकारण बदलले गेले ते हा क्रम उलटा धरल्यामुळे.

चौथी गोष्ट, चोरवाट. आजकाल न्हाणीघरांत ऊन आणि गार पाण्याची एकच जोडतोटी असते. तिच्या आतील पडदा झिजला, किंवा तिच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवून पुढचा हातफवारा तेवढा बंद केला, तर गार पाणी आतल्या आत ऊन पाण्याच्या नळात शिरते. ते ओळखण्याची कसोटी सोपी आहे. गीझरची वीज बंद करावी. गीझरकडे जाणारा गार पाण्याचा कॉक बंद करावा. मग ऊन पाण्याची एकेक तोटी उघडून पाहावी. थोडे पाणी ठिबकून थांबले पाहिजे. पाणी वाहतच राहिले, तर ते गीझरमधून येत नसून कोठल्यातरी जोडतोटीच्या चोरवाटेने येत आहे. परीक्षा झाल्यावर कॉक पुन्हा उघडण्यास विसरू नये.

पाचवी गोष्ट, आतील उंच नळी. जुन्या गीझरात ती कुजते किंवा मध्येच तडकते. मग माथ्याचे पाणी न येता मधल्या उंचीचे कोमट पाणी येऊ लागते. बाहेरील नळ्या बरोबर, चोरवाट नाही, तरी पाणी लवकर संपते, अशा वेळी हा संशय घ्यावा. हे काम मात्र जाणत्या कारागिराचे.

सहावी गोष्ट, क्षार. बोअरचे पाणी जड असते. ते तापले की त्यातील चुना कॉईलवर आणि टाकीच्या तळाशी पांढऱ्या थराने बसतो. तापताना गीझर कडकड असा आवाज करू लागला, तर तो क्षाराचा आवाज समजावा. लोकांचा समज असा की क्षारामुळे वीज वाया जाते. वस्तुतः कॉईलने घेतलेल्या विजेची उष्णता शेवटी पाण्यातच उतरते. खरा तोटा निराळा. थराखाली कॉईल भलतीच तापून अकाली जळते. थर्मोस्टॅटची नळी त्या थराखाली गाडली गेली की तिला पाण्याचे खरे तापमान कळत नाही. आणि तळाशी गाळ साचला की तेवढी पाण्याची जागा कमी होते. जेथे पाणी जड आहे तेथे वर्षातून एकदा, नवरात्रापूर्वी, टाकी रिकामी करवून क्षार काढून घ्यावा. टाकी गंजू नये म्हणून पुष्कळ गीझरांत मॅग्नेशियमची एक दांडी असते. टाकीऐवजी ती स्वतः झिजत जाते. तीही त्याच वेळी पाहून घ्यावी.

बंधूंनो, आता तो आत्मविश्वासाचा कारागीर आठवा. थर्मोस्टॅट काढून वीज थेट जोडली असती, तर काय झाले असते? पाणी पुरेसे तापल्यावर वीज तोडणारा पहारेकरीच नाहीसा झाला असता. कळ बंद करण्यास एखाद्या सकाळी विसर पडला, आणि त्यातच रक्षक झडपही क्षाराने अडकून बसलेली असली, तर बंद टाकीतील पाणी दाबाखाली १०० अंशांच्याही वर चढते. मग टाकी फुटते, आणि दाब सुटलेल्या पाण्यापैकी ज्या भागाची वाफ होते तो भाग मूळ आकाराच्या सुमारे १६०० पट फुगतो. भिंती पाडण्याइतकी शक्ती त्यात असते. अर्धी बादली ऊन पाण्यासाठी हा सौदा आम्ही करणार होतो!

म्हणून चार गोष्टी कटाक्षाने करू नयेत. थर्मोस्टॅट किंवा रक्षक कळ टाळून वीज थेट जोडू देऊ नये. रक्षक झडपेतून पाणी ठिबकते म्हणून तिला खुंटी मारू नये. पाणी तापले की फुगते, १५ लिटरांत सुमारे पाव लिटर भर पडते, आणि तापताना पडणारे थेंब ही त्याची मोकळी वाट आहे. मात्र थंड गीझरमधूनही सतत धार लागली, तर झडप किंवा पाण्याचा दाब तपासून घ्यावा. तिसरे, मुख्य कळ बंद केल्याखेरीज झाकण उघडू नये. आणि चौथे, टाकी भरल्याची खात्री झाल्यावाचून वीज सुरू करू नये. गीझर १६ अँपियरच्या स्वतंत्र जागी, चांगल्या अर्थिंगसह जोडलेला असावा, आणि त्या वाटेवर गळती ओळखून वीज तोडणारी ३० मिलीअँपियरची कळ असावी. स्नानास जाण्यापूर्वी गीझर बंद करण्याची आपल्या वडिलांची सवय आजही सोडू नये.

जेथे गॅसचा गीझर आहे तेथे ऊन पाणी संपण्याची कारणे निराळी असतात. पाण्याचा दाब कमी पडला तर ज्योत पेटत नाही. आतील सेल उतरले तर ठिणगी पडत नाही. कित्येक गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, तो बिघाड नसून रक्षणाची तजवीज असते. थंडीत सिलिंडर गार पडला की गॅसचा दाब उतरतो. परंतु या सर्वांहून मोठी गोष्ट एकच. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या आत कधीही नसावा. या यंत्राचे नावच पाहा. आइसलंडमध्ये गेयसिर नावाचे कढत पाण्याचे कारंजे आहे, आपल्याकडील वज्रेश्वरीच्या कुंडांचे किंवा राजापूरच्या उन्हाळ्याचे ते जणू दूरचे भावंड. लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी १८६८ साली गॅसवर पाणी तापविणारे यंत्र काढले आणि त्यास गीझर हे नाव दिले. त्या यंत्रास धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. आज दीडशे वर्षांनंतरही बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर लावून तीच चूक केली जाते. कोंडलेल्या खोलीत प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. चक्कर येऊन मनुष्य कोसळतो आणि दार आतून बंद असते. गीझर बाहेर मोकळ्या हवेत, आणि आत केवळ पाण्याचा नळ, हा नियम कोणाच्याही सोयीसाठी मोडू नये.

गच्चीवरील सौर बंबाविषयी एकच सांगतो. संध्याकाळी कपडे-भांड्यांसाठी ऊन पाणी वापरले, तर त्या जागी आलेले गार पाणी रात्री तापणार नाही, आणि सकाळी कमी पडणारच. शिवाय गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत २० मीटर पाऊण इंची नळ असेल, तर त्यात साचलेले सुमारे सहा लिटर गार पाणी आधी बाहेर पडते. ते एका बादलीत धरून झाडांना घालावे. तेवढ्यावरून यंत्र बिघडले असे म्हणू नये.

शेवटी थर्मोस्टॅटविषयी. तो ६० अंशांच्या आसपास ठेवावा. फार खाली ठेवला तर पाणी पुरत नाही, आणि दीर्घकाळ कोमट राहिलेल्या पाण्यात काही रोगजंतू वाढतात. परंतु ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. म्हणून बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मग ऊन सोडावे. लहान मुले आणि वृद्ध यांच्या बादलीत हात घालून पाहिल्यावाचून त्यांस न्हाऊ घालू नये.

भगिनींनो आणि बंधूंनो, नळ्या जागेवर लागल्या त्या दिवसापासून आमच्या घरी एक नवा नियम सुरू झाला. न्हाणीघराच्या दारावर एक कागद चिकटविला आहे. कोणी किती वाजता न्हावयाचे आणि दोघांमध्ये किती वेळ सोडावयाचा, हे त्यावर लिहिले आहे. साडेबारा मिनिटांचा हिशेब आमच्या नातीने मांडला. आणि रविवारी यजमानाने सर्वांच्या शेवटी न्हावयाचे, ही अट मातोश्रींनी घातली. त्या म्हणाल्या, “बंब विझला की नाही, हे शेवटी न्हाणाऱ्यालाच कळते.” पहिल्याच रविवारी दोघांनी आपल्या वेळा मोडल्या आणि शेवटी आमच्या वाट्यास जे पाणी आले, त्याने आम्हांस घट बसल्यापासूनच्या त्या सर्व सकाळींची कल्पना आली.

आपण येथून घरी गेल्यावर गीझरची कडी, दिवा, झडप, अर्थिंग हे सर्व अवश्य पाहावे. परंतु त्याआधी आपल्या घरात शेवटी कोण न्हाते, आणि त्या माणसास कोणत्या पाण्याने न्हावे लागते, हे एकदा विचारावे. पुष्कळ घरांत गीझरचा दोष तेथेच सापडेल, आणि कदाचित आपला स्वतःचाही.